फ्लोट दिसतो, मग झालं

१ ऑगस्ट

काल निवृत्तीच्या निरोपाला गेटवर हारांनी मान वाकली. वाकलेल्या मानेनेच अर्धा तास बोललो. आज पहाटे सवयीने जाग आली, सवयीने बूट चढवले, आणि दारात गेल्यावर आठवलं की ब्लास्ट फर्नेस आता माझ्यावाचून धगधगणार आहे. बूट काढवेनात. मग दांडी, गळ आणि चाऱ्याचा डबा स्कूटरला बांधून मरोद्याच्या तलावावर जाऊन बसलो. प्लांटचे सेफ्टी बूट घालून मासे धरणारा भिलाईत मी पहिलाच असेन.

पाण्यावर मोरपिसाच्या देठाचा फ्लोट उभा राहिला की माझ्यातला वक्ता झोपतो. केवलराम कापगतेला माईकपासून ओढून काढावं लागतं, असं युनियनमध्ये सगळे म्हणतात. त्यांनी मला पाण्याकाठी पाहिलेलं नाही.

सेक्टर ६ चं हे क्वार्टर नोव्हेंबरअखेर सोडायचं आहे. मजुराला घर मिळतं ते कामापुरतं, हे वाक्य मी किती सभांत टाळ्यांसाठी टाकलं असेल. आज ते माझ्याच दारात येऊन उभं आहे. आता जायचं कुठे? मुलगा प्रवीण रायपूरला फ्लॅटमध्ये बोलावतो. धाकटा भाऊ अर्जुनीकडच्या गावी बोलावतो. माझी अट एकच आहे. दारातून उठून चालत पाण्यावर जाता आलं पाहिजे, रोज, शेवटच्या दिवसापर्यंत. त्यापुढे कुणाचं काही ऐकणार नाही.

रात्री जेवताना सिंधूपुढे ठराव मांडला. गेट मीटिंगची रीत घरीही चालते. नेता विचारतो, ‘मंजूर?’ गर्दी ओरडते, ‘मंजूर!’ आणि जो ओरडत नाही तोही मंजुरीतच धरला जातो. सिंधूला मुद्दे समजावून सांगितले आणि विचारलं, मंजूर? ती म्हणाली, भात घेता का अजून? विरोध नोंदवला गेला नाही. ठराव मंजूर.

६ ऑगस्ट

सिंधू हल्ली मांजरीच्या पावलांनी फिरते. डावीकडे कुणी नसतं आणि एकदम ती चहा घेऊन उभी असते. आज माझा हात लागून कप खाली. म्हटलं, जरा आवाज करत येत जा. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

संध्याकाळपासून खोलीत येताना प्रत्येक वेळी म्हणते, ‘मी येऊन राहिली.’ किती मनाला लावून घ्यावं माणसाने.

११ ऑगस्ट

रायपूर. प्रवीणचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. सूनबाई टीनाने आमच्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे. भिंत निळी, कारण बाबांना पाणी आवडतं. पोरीचं मन मोठं आहे, म्हणून काही बोललो नाही. प्रवीण मला गॅलरीत घेऊन गेला आणि खाली बोट दाखवत म्हणाला, ‘बाबा, पाणी पायजे ना? ये देखो.’

खाली पोहायचा तलाव होता. फरशी बसवलेला, औषध टाकलेला.

म्हटलं, यात रोहू सोडणार का? तो हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, ‘प्रॅक्टिकल सोचो ना बाबा. तुमच्या उमरीत हॉस्पिटल जवळ पायजे, मच्छी नाई.’ मी त्याला विचारलं, माणूस कशासाठी जगतो, हॉस्पिटल जवळ असण्यासाठी? पुढे बरंच बोललो. शेजारच्या फ्लॅटचं दार किंचित उघडून कुणीतरी ऐकत होतं, त्यामुळे आवाज थोडा वाढवला.

परतीच्या बसमध्ये सिंधूला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, खिडकीतून खाली पायलं तर माणसं मुंग्यांवानी दिसतात. मी हे रायपूरच्या विरोधातलं मत म्हणून धरलं.

१८ ऑगस्ट

सापडलं!

शेजारचा जानराव आणि मी उतईच्या पुढे गेलो होतो. जानराव भंडाऱ्याकडचाच, रेल मिलमधून माझ्याआधी दोन वर्षं सुटला, आणि माझ्याबरोबर तीस पावसाळे पाण्यावर बसला आहे. डावीकडे मुरमाचा रस्ता, पुढे आंब्याची पाच-सहा झाडं, आणि मग एकदम तलाव. काठावर दोन खोल्यांचं कवेलूचं, कौलारू घर, पुढे पडवी, मागे रिकामी परसबाग. घरमालक मुलीकडे कोरब्याला राहायला गेला, घर भाड्याने द्यायचं आहे. पडवीच्या पायरीवरून गळ टाकला तर पाण्यात पडेल.

गळ टाकून पाहिलाच. सत्तूचं पीठ, भाजलेली मेथी आणि मोहाची ढेप, हा माझा जुना चारा. थोडा पसरून ठेवला आणि बसलो. उन्हं कलताना फ्लोट आधी थरथरला, मग तिरका झाला, मग गेला. कतला. जानराव म्हणाला, ‘नेताजी, हा तर तुमचं भाषण ऐकाले आल्ता वाट्टे.’ मी म्हटलं, मी कुठे बोललो? तो म्हणाला, ‘म्हणूनच आला.’

परत येताना उतईच्या बाजारात एक सायकलवाला एकदम समोर आला. कुठून उगवला देव जाणे. या रस्त्यावर लोकांना शिस्त नाही. गेल्या आठवड्यात एक गाय अशीच उगवली होती.

घरी येऊन ठराव मांडला. सिंधू भांडी घासत होती. तिने विचारलं, तिथून गुरवारच्या भजनाले कसं याचं? मी म्हटलं, मी आणीन ना स्कूटरवर. ती पुन्हा भांड्यांकडे वळली. मंजूर.

२१ ऑगस्ट

तलाव महिला समूहाने पंचायतीकडून घेतला आहे. मासळीचं बीज त्या सोडतात, राखण त्या करतात, जाळं त्या ओढतात. त्यांची मुखिया राधाबाई केवट कंबरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली आणि छत्तीसगढीत विचारलं की कोणाला विचारून गरी टाकली. गरी म्हणजे गळ.

बरोबर आहे. ज्याने पेरलं त्याचं पीक, हे मी आयुष्यभर सांगितलं. ते पाण्याखालच्या पिकालाही लागू आहे. मी हात जोडले. तिथेच करार झाला. मी एकच गळ टाकायचा, अर्ध्या हातापेक्षा लहान मासा परत सोडायचा, आणि समूहाची जी कामं जनपद, म्हणजे तालुका पंचायतीच्या, कार्यालयात अडतात तिथे त्यांच्या बाजूने बोलायला जायचं.

म्हणजे तोंड चालवायचं कचेरीत आणि बंद ठेवायचं पाण्यावर. याहून न्याय्य करार माझ्या हातून कधी झाला नाही.

३ सप्टेंबर

पोळ्याला गावी जाऊन आलो. आमच्या कोहळी पूर्वजांनी बांधलेला तलाव अजून पाणी धरतो. पाळीवर उभं राहिलं की छाती फुगते, हे कबूल. पण अर्ध्या पाण्यात बेशरमाची झुडपं माजली आहेत आणि पाळीवर बसायला माझ्या ओळखीचं एकही माणूस उरलेलं नाही. पुतण्या म्हणाला, काकाजी, या ना, घर तुमचंच आहे. ‘तुमचंच’ म्हणताना तो खाटेखालची स्वतःची पेटी आत सरकवत होता. त्याचा दोष नाही. मी छत्तीसगढात म्हातारा झालो, तिथेच मरेन. पूर्वजांना नमस्कार.

सिंधूने निघताना भावजयीकडून वांग्याचं आणि वालाचं बी मागून घेतलं. क्वार्टरमध्ये ते कुठे लावणार आहे, कळत नाही.

१२ सप्टेंबर

स्कूटरचं काहीतरी गौडबंगाल आहे. दुपारी मी दोन तास झोपतो. नाईट शिफ्टने लावलेली ती झोप अशी पक्की आहे की बाजूला भोंगा वाजला तरी मोडत नाही. उठून चार वाजता स्कूटर काढायला गेलो तर इंजिन गरम. आरसा खाली वळवलेला. डाव्या बाजूला नवा ओरखडा. पेट्रोलही कमी होतंय, हे मला गेल्या आठवड्यापासून जाणवत होतं.

किल्ली आमच्याच खिळ्याला असते आणि ती मागायला येणारा माणूस एकच, जानराव. त्याची स्वतःची गाडी महिनाभर मेकॅनिककडे पडून आहे. क्वार्टरसमोरच्या मैदानात चार लोक होते, त्यांच्यादेखत मी त्याला सुनावलं. म्हटलं, सामुदायिक मालकी ही वेगळी गोष्ट आहे आणि शेजाऱ्याची स्कूटर ही वेगळी. विचारून नेली असती तर मी टाकीसकट दिली असती. चोरून नेणं हा माझा नाही, विश्वासाचा अपमान आहे. चांगलं झालं भाषण. जानराव मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. मग आमच्या गॅलरीकडे एकदा पाहून म्हणाला, ‘चुकलं नेताजी. पुढच्या टायमाले पेट्रोल भरून ठेवतो.’

गॅलरीत सिंधू कपडे वाळत घालत होती. तिने तोंडात पदर का धरला होता?

२३ सप्टेंबर

आज जे झालं ते फक्त इथे लिहितो.

गळाची गाठ मारताना त्रास होतो म्हणून नवा चष्मा करायला गेलो होतो. डॉक्टर बाई तरुण, आमच्या प्रवीणच्या वयाच्या. त्यांनी एका यंत्रात डोकं टेकवायला लावलं. समोरच्या बिंदूकडे बघायचं आणि बाजूला उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय, उजेड लागतच नाहीये. त्या म्हणाल्या, लागतोय.

काचबिंदू. समोरचं शाबूत आहे, बाजूंचं गेलं, डावीकडचं जास्त. गेलं ते परत येणार नाही. राहिलं ते रोजच्या थेंबांनी टिकवता येईल. आणि आजपासून गाडी चालवायची नाही.

मी वाद घातला. पस्तीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस आहे, म्हटलं, मला रस्ते शिकवू नका. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘काका, तुम्हाला न दिसलेलं तुम्हाला कळणार कसं?’ मी हातातलं बटण खाली ठेवलं.

म्हणजे तो सायकलवाला बेशिस्त नव्हता. गायसुद्धा नव्हती.

उठताना एकच विचारलं, पाण्यावरचा फ्लोट दिसेल? ‘सरळ बघाल तर दिसेल.’ फ्लोट दिसतो, मग झालं.

घरी सांगायचं नाही. कळलं तर प्रवीण आठ दिवसांत निळ्या भिंतीच्या खोलीत नेऊन बसवेल. उतईचं घर, तलाव, सगळं त्या एका वाक्यापायी जाईल. थेंबांची बाटली थंड जागी ठेवायला सांगितली आहे, म्हणून फ्रिजमध्ये चाऱ्याच्या डब्यात लपवली. सिंधू त्या डब्याला हात लावत नाही. वासावरून आमचं तीस वर्षं भांडण आहे.

गाडी जपून चालवीन. मान फिरवत चालवीन.

२९ सप्टेंबर

सिंधूचं कोपर सोललं आहे. बाथरूममध्ये घसरली म्हणते. बाथरूममध्ये मुरूम कुठून आला? जखमेत लाल खडा होता. काढून दिला. दुखत असणार, पण ती गुणगुणत होती.

५ ऑक्टोबर

राधाबाईंच्या समूहासाठी जनपद कार्यालयात बोलून आलो. बाबू आधी फाइलमागे तोंड लपवत होता. मग मी उभा राहिलो. काम झालं.

नंतर तलावावर बसलो होतो तेव्हा राधाबाई म्हणाल्या, ‘तुंहर घरवाली बने गोठियाथे, नेताजी.’ तुमची बायको छान बोलते. सिंधूला मी इथे अजून आणलेलंही नाही! पण या लोकांची रीतच अशी गोड. न पाहिलेल्या माणसाबद्दलही चांगलंच बोलतील.

परसबागेत कुणीतरी दोन वाफे करून ठेवले आहेत. समूहाच्या बायकांनी केले असावेत.

घरी येताना मान सारखी फिरवत होतो. आता मान दुखते.

१७ ऑक्टोबर

घराचं पक्कं केलं. मालक कोरब्याहून येऊन सह्या करून गेला. प्रवीणचा फोन आला, फार रागावला. म्हणाला, ‘तुम्ही कधी कोणाचं ऐकलं का बाबा? आईले विचारलं का?’ मी म्हटलं, तुझ्या आईची ठरावाला मंजुरी आहे. त्याने तिला फोन द्यायला सांगितला. ती आत जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते, पण चेहरा खंबीर. मुलाने दुखावलं असणार. मी तिला धीर दिला की मी आहे, घाबरू नको.

ती म्हणाली, ‘मी नाई घाबरत.’

२ नोव्हेंबर

दिवाळी. फराळाचं ताट सिंधूने माझ्यापुढे अगदी मधोमध ठेवलं. हल्ली सगळंच मधोमध ठेवते. दारातलं स्टूलही तिने कुठेतरी हलवलं, ज्याला मी रोज अडखळायचो. नीटनेटकेपणा अंगात असतो एकेकाच्या.

मला तिच्यापासून लपवणं जड जातंय. पण महिनाच उरलाय. एकदा तिथे राहायला गेलो की सांगीन.

८ नोव्हेंबर

आजचं लिहिलंच पाहिजे.

संध्याकाळी उतईकडून परत येत होतो. एकटाच. माणसाला धडकलो. डावीकडून सायकलवर येत होता. मला तो दिसलाच नाही, आवाज झाला तेव्हाच कळलं. दोघेही पडलो. त्याचा डबा उघडून उरलेली भाजी रस्त्यावर सांडली. गुडघा फुटला, चाक वाकलं. नशीब की मागून ट्रक नव्हता.

मी उठवायला गेलो तर त्यानेच मला ओळखलं. हथखोजच्या एका कारखान्यात ठेक्यावर काम करतो, पाळी संपवून घरी चालला होता. कधीतरी गेटवर माझं भाषण ऐकलं होतं त्याने. रक्त पुसत म्हणाला, ‘नेताजी, आप? गलती मेरी ही होगी.’

गलती मेरी ही होगी.

प्रत्येक अपघाताच्या चौकशीत हेच वाक्य मजुराकडून काढून घेतलं जायचं. मेलेल्याच्या वतीनेही लिहून घेतलं जायचं. मी त्या वाक्याशी आयुष्यभर लढलो. टेबलं ठोकली, घसा फोडला. आणि आज एका मजुराने तेच वाक्य मला सोडवण्यासाठी आपणहून दिलं. माझ्याकडे डॉक्टरांचा स्पष्ट नकार होता. सेफ्टीचा नियम माहीत असून मोडणाऱ्या साहेबाला मी भाषणात काय म्हणायचो, ते लिहायची गरज नाही. मला पाठ आहे.

त्याला सांगितलं, चूक तुझी नाही, माझी आहे. मला बाजूचं दिसत नाही आणि तरी मी गाडी चालवली. रस्त्यावर जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. त्याला दवाखान्यात नेलं, पट्टी होईपर्यंत बसलो, सायकल दुरुस्तीला टाकली. स्कूटर ढकलत मेन रोडपर्यंत आणली आणि जानरावला फोन केला.

पुन्हा हँडलला हात लावणार नाही. ठरलं.

९ नोव्हेंबर

गाडी नाही म्हणजे उतई नाही. तिथून बस सकाळी एक आणि संध्याकाळी एक. डोळ्यांचा दवाखाना, सिंधूचं भजन, औषधं, किराणा, सगळं इकडे. तिला त्या काठावर नेऊन बांधून टाकण्याचा मला हक्क नाही. रात्रभर दुसरा मार्ग शोधला, सापडला नाही.

सकाळी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. काचबिंदू, थेंब, कालचा माणूस. शेवटी मी ठराव मांडला: उतईचं घर परत करायचं, रायपूरला प्रवीणकडे जायचं. उभा राहूनच मांडला, कारण बसून माझ्या तोंडून निघत नव्हतं.

‘मंजूर?’

‘नामंजूर.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण तिने पुन्हा म्हटलं, याहून मोठ्याने. मग फ्रिज उघडला, चाऱ्याच्या डब्यात हात घालून थेंबांची बाटली काढली आणि माझ्यापुढे मधोमध ठेवली.

‘हे मले दसऱ्याच्या आंदीपासून मालूम हाय. आणि डोळ्याचं त्याच्याही आंदीपासून. कप सांडला तवापासून.’

म्हटलं, मग बोलली का नाहीस?

‘बोलाले जागा कुठं ठेवता तुमी? ठराव मांडता.’ तिचा आवाज चढलेला नव्हता. ‘मले तिथं राहाचं हाय, प्रवीणचे बाबा. मले माती पायजे. इतके साल या क्वार्टरात कुंडीत मिरच्या लावल्या मी. वाफे कोणं केले वाट्टे तुमाले? पण तुमच्या मागं बसून जाच्ची वाट पायत नाई राहाचं मले.’

आणि खिळ्यावरची किल्ली घेऊन ती खाली उतरली.

मैदानात जानराव उभा होता, हातात हेल्मेट. सिंधूने पदर खोचला, स्कूटर स्टँडवरून काढली, चालू केली, आणि नारळाच्या झाडाला वळसा घालून माझ्यासमोर आणून उभी केली. वळताना पाय टेकला नाही. जानराव म्हणाला, ‘नेताजी, तुमी झोपले की आमचा क्लास लागे. उतईवरी एकटी जाऊन आली वहिनी, दोन टाइम.’

म्हणजे तो ओरखडा. ते मुरमाचं कोपर. आणि मी त्याला चार माणसांत विश्वासाच्या अपमानावर ऐकवलं होतं. त्याची तिथेच माफी मागितली. तो म्हणाला, ‘भाषण चांगलं होतं पण.’

मी मागे बसलो. सेक्टर ६ च्या बाजारापर्यंत मी तिला चार वेळा ब्रेक, दोन वेळा हॉर्न आणि एकदा गियरबद्दल सांगितलं. या गाडीला गियर नाही. सिग्नलला थांबून ती मागे न वळता म्हणाली,

‘मच्छीसाठी चार-चार घंटे गप बसता तुमी. तसंच बसा.’

बसलो.

१० नोव्हेंबर

प्रवीणला फोन केला. त्याला सगळं माहीत होतं. गेल्या महिन्यात सतरा तारखेच्या फोनवरच सिंधूने त्याला सांगितलं होतं की बाबांचं मी पाहते, टीनाच्या निळ्या खोलीत आम्ही सुट्टीला येऊ. टीना मागून म्हणाली, खोली तशीच ठेवते.

विचार करतोय. एवढ्या सभा जिंकल्या मी. त्यातल्या किती सभांत लोक नुसतेच ओरडत नव्हते?

२९ नोव्हेंबर

क्वार्टरची किल्ली दिली. रिकाम्या खोल्यांत आवाज घुमतो, तरी बोललो नाही.

सामान छोट्या ट्रकने पुढे गेलं, आम्ही स्कूटरवर मागून. राधाबाई आणि समूहाच्या बायका पडवीत उभ्या होत्या. राधाबाईंनी सिंधूला नावाने हाक मारली, माझ्याकडे पाहून फक्त मान डोलावली. वाफ्यांत वालाचे कोंब आले आहेत.

नवी व्यवस्था: स्कूटरची जागा पडवीच्या डावीकडे, सिंधूने ठरवली. मी उजवीकडे म्हणालो होतो. दर गुरुवारी भजन, त्याच फेरीत माझे थेंब आणि तपासणी. तो सायकलवाला परवा भेटला, गुडघा बरा आहे; त्याला रविवारी जेवायला बोलावलंय. मासा मिळाला तर.

३० नोव्हेंबर

चारा काल रात्रीच टाकून ठेवला होता. थंडी वाढली, मासा तळाशी बसलाय, तरी संध्याकाळी गळ टाकला. सिंधू कधी येऊन माझ्या डावीकडे पायरीवर बसली ते मला दिसलं नाही. बांगड्या वाजल्या म्हणून कळलं. दोघेही बसून राहिलो. समोर मोरपिसाचा देठ, पलीकडे आंब्यांची सावली पाण्यात.

मग मला वाटलं, काही गोष्टी बोलल्या पाहिजेत. पाण्यावर बसल्यावर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण आज निघाले. तिच्याकडे वळून सांगायला लागलो की, सिंधू, एवढ्या वर्षांत मी तुला कधी विचारलं नाही, आणि लोकशाहीचा खरा अर्थ…

तिने माझी मान दोन बोटांनी धरून समोर वळवली.

‘भाषण मंग द्या,’ ती म्हणाली. ‘फ्लोट गेला. ओढा.’

ओढला.